मुंग्यांचं औषध

को थिएन-शेंग यांचं अख्खं आयुष्य तैवानमधल्या कीलुंगच्या मासळी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलं. लाद्या ओढायच्या, फोडायच्या, बोटींच्या पोटात सोडायच्या. त्या गारठ्यानं त्यांची बोटं अशी वाकडी झाली होती की जेवणाच्या काड्यांनी शेंगदाणा उचलता येत नसे. बोलणं बेताचं. कारखान्याची नोकरी संपल्यावरही रोज सकाळी माझ्या नाश्त्याच्या दुकानात येत, "नेहमीचं" म्हणत, अंड्याची पोळी आणि गरम सोयाबीनचं दूध संपवत आणि मान हलवून जिना चढत. दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मी त्यांना को काका म्हणायचे.

बोलण्याची कसर त्यांची बायको, आमच्या बी-युन काकू, भरून काढायच्या. त्या बाजारात माशाच्या गोळ्यांचं सूप विकत. मूलबाळ झालं नाही. दोन बोके मात्र होते. थोरला मोआची, पांढराशुभ्र आणि गोल. डोळेही न उघडलेला असताना काकूंच्या मासळीच्या टोपलीत सापडलेला. धाकटा ओबाक, काळा, काटकुळा, दार वाजलं की पलंगाखाली जाणारा.

"बोका पाळलायस की सासरा?" काका विचारायचे. "आधी त्याचं ताट, मग माझं."

"सासरा परवडला रे म्हाताऱ्या," काकू म्हणायच्या, "तो निदान तुझ्यासारखा घोरत नाही."

दुपारी मोआची काकांच्या पोटावर झोपायचा. काका म्हणायचे, त्याला ऊब लागते म्हणून येतो, माझा काही संबंध नाही. पण तो उठेपर्यंत कुशीवर वळायचे नाहीत.

बाजारात एक दिवस उकळत्या पातेल्यासमोरच काकू खाली बसल्या. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. इस्पितळात त्यांनी पहिलं काही नीट म्हटलं असेल तर ते हेच, "बोक्यांना बघ." काका म्हणाले, "बघतो." आणि ते खरंच बघत होते. सकाळी वाट्या भरून ठेवायच्या, दिवसभर काकूंच्या उशाशी बसायचं, संध्याकाळी परत यायचं.

त्या पावसाळी दिवसांत घरात मुंग्या झाल्या. बारक्या, पिवळट, खिडकीच्या चिरेतून निघून भिंतीच्या कडेनं थेट वाट्यांपर्यंत. आधी का नव्हत्या, हे काकांना ठाऊक नव्हतं. काकू बोक्यांची वाटी पाण्यानं भरलेल्या ताटलीत ठेवायच्या, खाऊन झालं की लगेच उचलायच्या, ओटा आणि खिडकी साबणाच्या पाण्यानं पुसायच्या. हे सगळं त्या गाणी गुणगुणत करायच्या, म्हणून ते कामासारखं दिसलंच नव्हतं कधी. आता दिवसभर उघड्या राहिलेल्या वाटीत मुंग्यांचा थर बसायचा. ओबाक लांबून वास घेऊन परत जायचा. मोआची नुसता वाटीकडे आणि काकांकडे बघायचा.

काकूंना घरी सोडायचं ठरलं, तेव्हा काकांनी घर धुवायला काढलं. पडदे उतरवले, बसून अंघोळ करायला स्टूल आणलं, संडासाला धरायला दांडा बसवून घेतला. राहिल्या फक्त मुंग्या. ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार सरळ माणूस, त्यानं विचारलं, "घरात कोण कोण आहे?"

"मी एकटाच," काका म्हणाले. "बायको इस्पितळात आहे."

दुकानदारानं फवारायचं जालीम औषध दिलं. काकांनी ते सांगितल्यापेक्षा जास्त दाट कालवलं, खिडकीत मारलं, भिंतीच्या कडेनं मारलं, वाट्यांच्या जागी तर जमीन भिजेपर्यंत मारलं. वास जाऊ दे म्हणून खिडकी किलकिली ठेवली आणि इस्पितळात गेले.

परत आले ते दुपार कलताना. मी भांडी घासत होते. जिन्यावरून धडधडत कुणीतरी खाली आलं. बघते तर काका, कारखान्याच्या जुन्या जाड कोटात मोआचीला गुंडाळून. तो सबंध अंगानं थरथरत होता, तोंडाला फेस, आणि डोळे उघडे असून काहीच बघत नव्हते.

"आफंग," काका मला म्हणाले, "स्कूटर काढ."

जनावरांच्या डॉक्टर त्सेंग बाईंनी त्याला टेबलावर घेतलं आणि पहिलं विचारलं, "घरात काही मारलंत का? किड्यांचं, मुंग्यांचं?"

काकांनी मान हलवली. औषधाचं नाव सांगितलं.

"दुसरं मांजर आहे घरी?"

"आहे."

"मग आत्ताच्या आत्ता जा. कोमट पाणी घ्या, भांडी घासायचा साबण घ्या, त्याला पंज्यांपासून शेपटीपर्यंत धुवा आणि इकडे आणा. चाटू देऊ नका. माणसाला या औषधानं फारसं काही होत नाही, कुत्र्यालाही बरंच सोसतं. मांजराला हे जिरवताच येत नाही. पंज्याला लागतं, ते पंजा चाटतं, संपलं."

ओबाकला मी धुतलं. त्यानं माझे दोन्ही हात ओरबाडून काढले. तो भित्रा, नवा वास आला तसा कपाटावर चढून बसला होता, खाली उतरलाच नव्हता. म्हणून वाचला. मोआची मात्र मालक आपली वाटी भरतोय असं समजून त्या ओल्या जमिनीवरून चालत वाटीपाशी गेला होता, आणि तिथेच बसून राहिला असणार.

त्सेंग बाईंनी जमेल ते सगळं केलं. सुया दिल्या, अंग धुतलं, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोआची गेला. काका टेबलापाशी उभे होते. वाकड्या बोटांनी त्याच्या कानामागचे केस सरळ करत राहिले. बाईंनी कापड पांघरलं तरी हात आतच होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, काकूंना काही सांगू नका. म्हातारा होता, झोपेतच गेला म्हणा. त्यांना आत्ता धक्का नको."

ते जाऊन स्कूटरवर मागे बसले.

पण काकूंनी विचारल्यावर त्यांच्या तोंडून निघालं ते याहून भलतंच. काकू म्हणाल्या, "मोआची जेवतो ना?" आणि काका म्हणाले, "जेवतो." मग थांबता येईना. जन्मभर "नेहमीचं" एवढाच शब्द बोललेला माणूस बायकोच्या उशाशी बसून गोष्टी रचू लागला. आज मोआचीनं ओबाकला खिडकीतल्या जागेवरून हुसकलं. आज तुझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. आज मासळीवाल्याच्या हाकेला ओ दिली. मी एकदा डबा घेऊन गेले तेव्हा कानांनी ऐकलं. काकू अर्ध्या तोंडानं हसत होत्या. परिचारिका म्हणाली, "आजी, तुमचा बोका बघायला यायला हवं एकदा." मला तिथं उभं राहवेना.

घरी न्यायच्या आदल्या दिवशी काकांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. हे सगळं मला काकूंनीच नंतर सांगितलं, तुटक तुटक.

"आयुन," काका काकूंना घरातल्या नावानं म्हणाले, "मोआची नाही राहिला."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. मुंग्यांचं औषध मारलं मी. तू येणार म्हणून. वाटीजवळ मारलं."

"मग काल? माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला म्हणालास, ते?"

"ते मी बनवलं."

काकूंना कूस बदलता येत नव्हती. त्यांनी डावा हात उचलून तोंडावर घेतला. तो हात उतरेपर्यंत काका तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंना शेजारच्या पोरांनी खुर्चीसकट वर चढवलं. घर चकचकीत होतं. काकांनी जमीन इतक्यांदा साबणानं धुतली होती की फरशीचा रंग उडाला होता. काकू कुणाशी बोलल्या नाहीत. काका भरवत, त्या खात. काका पाठ धूत, त्या धुऊ देत. दोघांमध्ये शब्द नाही. मी सूप घेऊन गेले की मला वाटायचं, यापेक्षा त्यांनी भांडी फेकावीत.

मग पुन्हा झड लागली आणि मुंग्या पुन्हा आल्या. काका खिडकीसमोर हात लोंबकळत सोडून नुसते उभे राहिले. गल्लीतली एक बाई म्हणाली, कापराचं तेल लावा, झाडाचंच असतं, त्यानं काय होतंय. काकांनी खाली येऊन माझ्या फोनवरून त्सेंग बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेही नको. मांजराला तेही बाधतं. औषध ठेवायचंच झालं तर बंद डबीतलं ठेवा, पंजा पोचणार नाही अशा जागी." काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "डबीसुद्धा नको मला."

ते वर गेले. मी मागोमाग होते. काकू खुर्चीत होत्या. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वाटी उचल आधी."

काकांनी वाटी उचलली.

"फडकं. साबणाचं पाणी. खिडकीपासून खाली पूस, नुसत्या मुंग्या नाही, त्यांची वाट पुसून काढ. वास राहिला की पुन्हा येतात." शब्द ओघळत होते, पण त्या थांबत नव्हत्या. "चीर दिसली? पुट्टी भर तिच्यात. ताटलीत पाणी घाल, मधे वाटी ठेव. काठ भिंतीला लागू देऊ नकोस रे मूर्खा! खाऊन झालं की उचल. रोज. एक दिवससुद्धा सोडायचं नाही."

"एवढंच?" काका म्हणाले. फडकं हातात तसंच. "एवढंच होतं?"

"एवढंच."

मग ते जमिनीवर बसले आणि रडले. साठ वर्षांच्या ओळखीत काकूंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, असं त्या मला म्हणाल्या. त्यांनी खुर्चीतून पाय पुढे केला, चालत होता तो डावा, आणि काकांच्या गुडघ्याला टेकवला.

"माझा राग गेलाय असं नाही म्हणणार मी," त्या म्हणाल्या. "गेलेला नाही. पण तू पूस."

त्यानंतर दोघं बोलू लागले. पहिल्यासारखं नाही. चेष्टा बंद झाली होती. काकू सांगत, काका करत. कधी कधी संध्याकाळी काकू म्हणत, "ती चपलेची गोष्ट सांग," आणि काका मान खाली घालून सांगत. दोघांनाही ठाऊक होतं की ते घडलेलं नाही.

फुलांचे दिवस आले तेव्हा काकूंना दुसरा झटका आला. या वेळी इस्पितळापर्यंत पोचल्या नाहीत. आमच्याकडच्या रीतीनं त्यांची राख देवळात, इतरांच्या मडक्यांच्या ओळीत ठेवली. मोआचीची राख त्सेंग बाईंकडून आणलेल्या छोट्या मडक्यात कपाटावर होती. काकांनी ती काकूंच्या शेजारी ठेवता येईल का म्हणून देवळातल्या लोकांना विचारलं. ते नाही म्हणाले, माणसांच्या ओळीत जनावर चालत नाही. काकांनी वाद घातला नाही. मडकं परत घेऊन आले.

को काका अजून वर राहतात. दिवसातून दोनदा खिडकी पुसतात, मुंग्या असोत नसोत. ओबाक त्यांच्या मांडीवर कधी येत नाही. संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून बसतो.

"दोघांतल्या कुणाची वाट बघतो, कळत नाही," परवा काका मला म्हणाले. त्यांनी दुधाची वाटी संपवली नव्हती. मी ती पुन्हा गरम करून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.