डब्ब्यातली कपाटं

प्रकाश गेल्याची बातमी मला शेलूबाजारच्या जीपवाल्यानं दिली. "गुरुजी, डब्ब्यातले शेठ गेले," एवढंच बोलून तो पुढच्या सवाऱ्या भरायला लागला. महिना होत आला, तरी त्या रस्त्यानं जाताना माझी मान आपोआप लिंबाखालच्या त्याच्या डब्ब्याकडे वळते...

प्रकाश माझा वाशीमच्या शाळेतला दोस्त. घर जैनांचं, कापडाचं दुकान. रिठदच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, सुलोचनेशी, त्यानं लग्न केलं आणि दोन्ही घरं तुटली. भाड्यानं खोलीही कोणी देईना. दुष्काळातली रस्त्याची कामं तेव्हा नुकतीच संपली होती. त्या कामांवरच्या साहेबांची राहायची गाडी, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायची चाकांवरची जुनी खोलीच, शेलूबाजारला लिंबाखाली गंजत पडली होती. प्रकाशनं ती घेतली. गाव तिला डब्बा म्हणू लागलं आणि त्याला डब्ब्यातले शेठ.

आत भिंतींना धरून सागवानी कपाटं होती, पण त्यांच्यावर कोणीतरी हिरव्या ऑइलपेंटचे थर चढवलेले. पहिला उन्हाळाभर दोघं काचेच्या तुकड्यांनी तो रंग खरवडत बसत. मग पॉलिश पेपर, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यानं. खालचं तांबूस लाकूड उजळून वर आलं तेव्हा केसांत हिरवी भुकटी घेऊन बसलेली सुलोचना म्हणाली, "अवो, हे तं आमच्या बैलाच्या पाठीवानी दिसून राह्यलं!" प्रकाश हसता हसता खाली बसला. त्याला इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तिचा भाऊ आला. "माय लय बिमार आहे. तुयंच नाव घेऊन राह्यली." सुलोचना त्याच्याबरोबर गेली, ती परत आलीच नाही. शेवटी आम्ही दोघं रिठदला गेलो. तिचे वडील ओट्यावर बसून होते. दारात तीच आली.

"तुमी जा," ती प्रकाशला म्हणाली. "मायनं शपथ घातली. मी निघाली तं माय औषध घेनार नाही."

"अन् मी?"

ती वळून आत गेली. दार उघडंच होतं, पण आत या असं कोणी म्हटलं नाही.

त्यानंतर प्रकाशनं सगळी कपाटं पुरी केली. पुरी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली. स्वतःचे कपडे तो दोरीवर टाकायचा. कपाटांत काही ठेवायचा नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "काहून घासून राह्यला रे आता?"

"आली तं तिले जुनं दिसाले नाही पाह्यजे."

ती येणार नाही हे मला कळत होतं. त्यालाही कळत असावं...

या पावसाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, एवढा लाखेचा हात मारून होऊ दे. वाशीमला नेलं तेव्हा कावीळ फार पुढे गेली होती. त्याचे वडील अग्नी द्यायला आले, डब्ब्याकडे मात्र फिरकले नाहीत.

मागच्या आठवड्यात सुलोचना आली. भाऊ रस्त्यावरच थांबला. मी कुलूप काढलं. तिनं एकेक कपाट उघडलं, रिकामं पाहून लावलं.

"तरास झाला का त्याईले, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो.

शेवटच्या कपाटाच्या दारावर तिनं तळहात टेकला, तो चिकटला. बाटलीतली लाख जुनी झालेली; तशा लाखेचा हात कधीच वाळत नाही. "वलं आहे अजून," ती म्हणाली. उमटलेला पंजा तिनं पदरानं पुसू पाहिला, तर पदराचे धागेच तिथं चिकटून बसले. रस्त्यावरून भावानं हाक मारली. ती निघाली.

डब्बा आता भंगारात जाणार आहे. पत्रा भंगारवाला नेईल, आणि ती कपाटं फोडून जळणाला घालतील.