अप्पांचं उष्टावण आणि सुका बोंबील

माझे पणजोबा, अप्पा, नव्वद वर्षं जगले ते एका सुक्या बोंबलामुळे.

आज अप्पांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मी तेव्हा दहावीत होतो.

घरात कुणाचंही बाळ पहिल्या घासाला बसलं की अप्पा स्वतःच्या उष्टावणाची स्टोरी सुरू करायचे. जणू यांना सगळं आठवतंय.

एकोणिसावं शतक संपायला पाच-सहा वर्षं होती. गिरगावातलं घर, वडील कचेरीत कारकून. अप्पा आठ महिन्यांचे, नुसती हाडं. आईचं दूध पुरेना, आणि वरचं काही दिलं की पोरगं थुंकून टाकायचं.

आधीचं मूल असंच न खाता गेलं होतं. त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागलेला.

उष्टावणात पहिला घास मामाचा. मामा कोकणातून येणार होता, आणि नेमकी त्याची आगबोट लेट.

मुहूर्त टळायला नको म्हणून वडिलांनी खीर भरवून पाहिली. मग आजीने. खीर सगळ्यांच्या अंगावर, अप्पांच्या पोटात काही नाही.

तेवढ्यात दारात हिराबाई. नेहमीची कोळीण, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली.

"आज नको गं, आज गोडाचं आहे," आजी आतूनच म्हणाली.

हिराबाई टोपली उतरवून उंबऱ्याशी जरा टेकली. अप्पा रांगत गेले, टोपलीतला बोंबील उचलला आणि थेट तोंडात घातला.

वडील धावले.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," हिराबाई म्हणाली. "चोखतंय बघ कसं. याला गोड नको, खारट पायजे."

 आईने टोपलीतले दोन बोंबील घेतले, धुतले आणि खिरीच्या पातेल्याशेजारी शिजत घातले. शुभकार्याच्या दिवशी!

त्या पाण्यात मऊ भात कालवून तिने वाटी हिराबाईच्या हातात दिली.

"तूच भरव. तुझ्या हातचं खाईल."

वाटी संपली. आई पदरात तोंड घालून रडली.

आता सगळे आजीकडे बघायला लागले. आजीचं सोवळंओवळं कडक. तिने रिकामी वाटी पाहिली, नातवाचं पोट चाचपलं.

"पहिला घास मामा भरवतो. भरवला हिने. म्हणजे हीच मामा. झालं."

खरा मामा दुसऱ्या दिवशी चांदीची वाटी घेऊन पोचला. जागा भरली होती.

पुढे दर भाऊबीजेला अप्पांची आई हिराबाईला पाटावर बसवून ओवाळायची. ती लाजून लाल व्हायची आणि ओवाळणी म्हणून ताटात बोंबील ठेवायची. अप्पा तिला शेवटपर्यंत 'मामा' म्हणाले.

अखेरच्या आठवड्यात अप्पांनी अन्न सोडलं. चमचा नेला की ओठ घट्ट मिटायचे.

माझ्या आईने बोंबलाच्या पाण्यात मऊ भात कालवला. मी बोटाने थोडा ओठांना लावला.

अप्पांनी बोट चोखलं. डोळे न उघडता म्हणाले, "मामा, मीठ कमी आहे."

तो त्यांचा शेवटचा घास.

अप्पा, आज तसाच भात केलाय. मीठ तुमच्या चवीचं आहे.

नमस्कार करतो.