अडीच वाजताची सकाळ

दुपारचे अडीच वाजले होते आणि लुर्देशबाई मला "बों दिया" म्हणाल्या. पोर्तुगीजमध्ये सुप्रभात. आदल्या दिवशीही याच वेळी हेच. मी फॉर्मवर लिहिलं, वेळेचं भान नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पेशंट घरी एकटा राहू शकेल का, हे तपासून सांगायचं माझं काम. लुर्देशबाई ब्याऐंशीच्या, मूळच्या पोर्तुगालच्या मदैरा बेटावरच्या, इथे इंग्लंडात स्लाऊमध्ये एकट्या राहणाऱ्या. घरात पडल्या म्हणून आमच्या वॉर्डात आल्या होत्या. आजारपणात इंग्रजी सुटली, पोर्तुगीज तेवढी उरली. नाताळ चार दिवसांवर आला होता आणि त्यांना तो स्वतःच्या घरात हवा होता.

"अनघा, रिपोर्ट आजच दे," आमचे कन्सल्टंट डॉ. कर्वे म्हणाले. "केअर होममध्ये एक बेड आहे."

"देते सर. तारीख, महिना बरोबर सांगतात. वेळ मात्र दोनदा चुकली."

"मग एकटं नको ठेवायला. रिस्क आहे."

शेजारच्या बेडची चादर बदलणारी तेरेझा, आमची हेल्थकेअर असिस्टंट, हीसुद्धा मदैराचीच. ती मध्येच म्हणाली, "त्या चुकल्या नाहीत. त्या जेवल्या नाहीत. आमच्याकडे दुपारचं जेवण होईपर्यंत सकाळच असते. जेवलं की मग 'बोआ तार्द', शुभ दुपार."

मी चार्ट पाहिला. दोन्ही दिवस जेवणाच्या वेळी बाई फिजिओकडे. ट्रे तसाच परत गेलेला. आणि तिथून थेट माझी टेस्ट.

मला माझीच लाज वाटली. मी सांगलीची. आमच्या गल्लीत नमस्काराआधी "जेवलीस का?" विचारतात. आईचा फोनही त्यानेच सुरू व्हायचा. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला हे कुणी विचारलेलं नाही, आणि कामाच्या नादात मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"सर, एक दिवस द्या."

"एकच," ते म्हणाले.

तेरेझाने सूप गरम करून आणलं. बाई सावकाश जेवल्या, तोंड पुसलं आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "बोआ तार्द." दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या किचनमध्ये त्यांनी चहा केला, शेगडी आठवणीने बंद केली. डॉ. कर्व्यांनी त्यांना घरी सोडायच्या कागदावर सही केली.

चोवीस तारखेला मी होम व्हिजिटला गेले. पावणेतीन झाले होते. दार उघडून त्या म्हणाल्या, "बोआ तार्द." सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, "बों दिया."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेल्या आणि ताट काढलं. पहिल्या घासाला मला आईची आठवण आली. निघताना त्या म्हणाल्या, "फलीश नाताल," शुभ नाताळ. आई ख्रिसमसला नाताळच म्हणायची, तो शब्द मूळचा यांचाच. या देशात तो माझ्या कानावर पडला नव्हता.

आता वेळ विचारण्याआधी मी पेशंटला जेवलात का, ते विचारते. फॉर्मवर त्याला रकाना नाही. मी समासात लिहिते.