पितृपक्षात लागलेला नंबर

डेट्रॉइटला नदीकाठी उभं राहिलं की पलीकडे कॅनडा दिसतो. तिथे विंडसरला माझी ताई लेकीकडे राहते. मी अलीकडे, ॲन आर्बरला मुलाकडे. माझे ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, त्यामुळे देशाबाहेर पाय टाकायची भीती. आणि ताईला इकडचा व्हिसा मिळेना. म्हणून एप्रिलमध्ये आमची भेट झाली ती अशी: ती त्या काठावर, मी या काठावर, दोघींच्या कानाला फोन.

"हात हलवतेयस का गं?"

"केव्हाची! पिवळी शाल आहे हातात."

"मला नुसतं धुकं दिसतंय बाई."

धुकं कुठलं, लख्ख ऊन होतं. ताईला मोतीबिंदू झाला होता.

ऑपरेशन तिकडे सरकारी, पैसे पडत नाहीत. फक्त नंबर लागायला हवा, आणि त्यालाच महिनोन्महिने चालले होते. इथल्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "आपल्या अमेरिकेत पटकन होतं हो, इन्शुरन्स तेवढा हवा." मी सातवीत शाळा सोडलेली, मला यातलं काय कळणार? पण वाटायचं, ताईची ही रांग असते तरी कुठे? बाकडं नाही, पुढच्याची पाठ नाही. माणूस घरात तांदूळ निवडत बसतो आणि रांगेतही असतो. एकदा स्वप्नात दिसली मला ती रांग. नदीवरून गेलेली. माणसं पाण्यावर उभी, कुणाचे पाय भिजत नव्हते, कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

सप्टेंबरात एका सकाळी ताईचा फोन आला. कुणीतरी ऑपरेशन कॅन्सल केलं होतं. परवाची जागा रिकामी, अर्ध्या तासात कळवायचं.

"हो म्हणालीस ना?"

"अगं, पितृपक्ष आहे. असल्या दिवसांत डोळ्याला शस्त्र लावायचं?"

"आणि ही सोडलीस तर?"

"मग मार्चनंतर बघू, म्हणाले."

मीही पंचांग बघूनच विमानात बसलेली बाई, तिला कुठल्या तोंडाने हसू? पण बोलून गेले, "ताई, या पंधरवड्यात आई-अण्णा येतात ना आपल्याकडे? आले तर तुला दिसायला नकोत?"

"चोंबडी! लहानपणापासूनच चोंबडी आहेस," आणि फोन बंद. थोड्या वेळाने भाचीचा मेसेज: आई हो म्हणाली.

ती जागा सोडणारं माणूस कोण, देव जाणे. बरं असो बिचारं. संध्याकाळी दिवा लावताना मी त्याच्यासाठीही हात जोडते.

ऑक्टोबरात मुलाने पुन्हा नदीवर नेलं. एक लांबलचक मालवाहू बोट मधून चालली होती, संथ, संपता संपेना. ती सरकली आणि पलीकडचा काठ मोकळा झाला. मी शाल उंच धरली.

"दिसते का गं?"



"पिवळी काय म्हणत होतीस? हळदी आहे ती. आईच्या लुगड्यासारखी." मग नाक ओढल्याचा आवाज. "आणि डाव्या हातात कशाला धरलीस? तो दुखतो ना तुझा."

मी शाल उजव्या हातात घेतली.