पांढऱ्या साडीच्या आतलं

आतले कपडे घ्यायला गेलेल्या बायका काउंटरवर वाकून "ते दाखवा ना" असं पुटपुटतात. प्रमिलाकाकू उंबऱ्यातूनच विचारायच्या, "चौतीसची ब्रेसियर हाय का चांगली?" बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायची. "लाजायचं काय त्यात? त्यो बी विकायलाच बसलाय," हे त्यांचं ठरलेलं.

काकू आमच्या समोरच्या घरात राहायच्या. माझ्या आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. आई अचानक गेली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं आणि बाबांनी तारीख हलवली नाही. मी शेंद्र्याला कंपनीत जात होते, परत येत होते. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. साडीचं आत्यानं बघितलं, दागिन्यांचं बाबांनी. आतल्या कपड्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते आईनं बघितलं असतं. एका रविवारी काकूंनी रिक्षा थांबवली आणि मला औरंगपुऱ्याच्या बाजारात एका दुकानात नेलं.

दुकानदारानं पांढऱ्याचा ढीग टाकला. आमच्या बौद्ध लग्नात नवरीची साडी पांढरी, तेव्हा आतलंही पांढरंच, असं मलाही वाटत होतं. काकूंनी ढीग बाजूला सारला. "पांढऱ्याखाली पांढरं लई उठून दिसतं. माझ्या लग्नात अख्ख्या मांडवानं पाह्यलं. अंगाच्या रंगाचं काढा." मग मला माप विचारलं. मी जुनंच सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. तिथंच सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो बरगड्यांवर थांबला.

"जेवती का गं तू?"

"जेवते."

"सुजाता, हे लग्न करायचंय ना तुला?"

लोकांनी रंग विचारले होते, जेवणात काय ठेवायचं ते विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मला ना करावंसं वाटत होतं, ना मोडावंसं. "माहीत नाय," मी म्हणाले. काकूंनी निवडलेलं सगळं परत सरकवलं. "ठिवा भाऊ. पोरीला कळंल तवा येऊ."

त्याच संध्याकाळी त्या बाबांना म्हणाल्या, "लग्न पुढं ढकला. पोरगी आजून आईच्या मातीतून परत आली नाय." बाबा भडकले. लग्न पुढे गेलं खरं, पण सासरच्यांपुढे मान खाली घालावी लागली म्हणून त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. आत्या तर म्हणायची, ही बाई लग्न मोडायलाच निघाली होती. काकू ऐकून घ्यायच्या. "बोलू दे. मला काय सोयरीक करायचीय त्यांच्याशी?" असं म्हणून भाजीची वाटी मला आणून द्यायच्या आणि ती संपेपर्यंत हलायच्या नाहीत.

नितीन, माझा होणारा नवरा, मधूनमधून यायचा, गुमान बसायचा. आपण त्याची वाट बघायला लागलोय हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. मी समोरच्या घरी जाऊन म्हणाले, "करायचंय, काकू." त्यांनी काही न विचारता चपला घातल्या.

बाबांनी गल्लीत घरोघर पत्रिका वाटल्या. काकूंचं घर तेवढं सोडलं. मी एकदा म्हणून बघितलं. बाबा उठून बाहेर गेले.

लग्नाच्या सकाळी पाहुणे उठायच्या आत काकू आल्या. मला साडी नेसवली, खिडकीच्या उजेडात उभं करून मागून-पुढून नीट बघितलं.

"कायबी दिसत नाय. जा आता."

"तुम्ही पण चला ना."

"बोलावल्याबिगर नाय जात मी कुठं," म्हणाल्या आणि मागच्या दारानं गेल्या.

कार्यालयात वंदना सुरू झाली आणि मला रडू फुटलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा. बायका म्हणाल्या, पोरीला आईची आठवण आली. मी पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे बघत होते, आणि मला घरात एकट्या बसलेल्या काकू दिसत होत्या.