हात दाखव

"हात दाखव."

नारायण पेठेतल्या त्या जुन्या, मोठ्या वाचनालयात मला उद्देशून बोलले गेलेले पहिले शब्द हे. ये म्हणाले नाहीत. नाव विचारलं नाही. मी चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या पोरांना टेम्पोत भरून तिथं नेलं होतं. उपक्रमाचं नाव 'पुस्तकांशी मैत्री'. मैत्री करायची होती, पण आधी हात तपासून.

बालविभागाच्या दारात सुमेधाताई उभ्या होत्या. वाचनालयाच्या कार्यवाह. कडक इस्त्रीची सुती साडी, दोरीला अडकवून गळ्यात सोडलेला चष्मा. आम्ही पायऱ्यांवर रांगेत. एकेक पोर पुढं जायचं, तळवे दाखवायचं, मग हात उलटे करून नखं दाखवायचं. त्याच दारातून सभासदांची मुलंही आत जात होती. त्यांना रांग नव्हती. एकाच्या हातात बर्फाचा गोळा होता, केशरी पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं. ताईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "आलास का बाळा? जा आत."

माझी पाळी आली. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना निळी शाई लागलेली होती. बाबांनी मला शाईचं पेन आणून दिलं होतं आणि ते गळायचं.

"हे काय?"

"शाई."

"घासून ये."

मागच्या बाजूला नळ होता. तिथं भांडी घासायचा साबण होता. मी बोटं लाल होईपर्यंत घासली. शाई कसली निघतेय. परत आले. ताईंनी बोटांकडे बघून तोंड वाकडं केलं आणि उपकार केल्यासारखं मला आत सोडलं. टेबलावर माकडाच्या गोष्टीचं पुस्तक होतं. मी हात पुढं केला.

"अं हं. तू नुसतं बघ. पानं मी उलटते."

आणि त्यांनी खरंच उलटली. भराभर. मी ओळी वाचत होते, अर्ध्या पानावर असायचे, तोवर पान गेलेलं. मी वाचत असेन हे त्या बाईंच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना वाटलं, ही चित्रं बघतेय. मी सांगितलं नाही, पान जायच्या आत पुढची ओळ गाठत राहिले. त्या माकडाचं शेवटी काय झालं, हे मला आजतागायत माहीत नाही.

वाचनालयात उभं राहून शाईला मळ म्हणणारी माणसं. आणि ही आम्हाला वाचनाची गोडी लावणार होती.

आमच्याबद्दल त्यांना काय माहीत होतं? वस्तीत विहार होता आणि विहारात पुस्तकांचं कपाट होतं. बाबा शहर बसच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली, आणि रविवारी सकाळी विहारात जोरात वाचून दाखवायचे. बायका, म्हातारे, पोरं, सगळे ऐकायचे. मध्येच कुणीतरी हरकत घ्यायचं, मग वाद, मग चहा. जयंतीला लोक आपल्या पोरांना कपडे घेतात तशी बाबा पुस्तकं घ्यायचे. पिशवी भरून. आई करवादायची की भांडी ठेवायला फळी नाही आणि हा माणूस कागद आणतोय. ज्यांच्या गर्दीत पुस्तकांचे स्टॉल संध्याकाळपर्यंत रिकामे होतात, त्यांच्या पोरांना पुस्तक म्हणजे काय हे समजावायला टेम्पो केला होता या लोकांनी.

त्या दुपारनंतर वाचनालयानं वस्तीसाठी एक पेटीही पाठवली. सभासदांनी घर आवरताना काढलेली पुस्तकं. मधुमेहींसाठी पाककृती. शेअर बाजाराची तोंडओळख. कव्हर गेलेले दिवाळी अंक. एका पुस्तकात कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका खुणेला घातलेली. आमच्या वस्तीत मुंज कुणाची होणार होती? पेटीवर मोठ्या अक्षरांत 'सप्रेम भेट' लिहिलेलं होतं. स्वतःच्या घरातला पसारा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा आणि त्याला सप्रेम म्हणायचं, हे पुण्यातच सुचू शकतं.

माझं शिक्षण झालं. कसं झालं ते आमच्या घराला माहीत. आज मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवते, कोथरूडला राहते. गेल्या वर्षी त्या वाचनालयातून एका मुलीचा फोन आला. बोलायला गोड होती.

"मॅम, उपक्रमाचं सेलिब्रेशन आहे. तुम्ही आमच्या पहिल्या बॅचच्या लाभार्थी ना? म्हणजे, यू आर अवर सक्सेस स्टोरी. दोन मिनिटांचं मनोगत द्याल का? थोडं इमोशनल असलं तर बरं, डोनर्स येणारेत."

लाभार्थी. तिथं पुस्तक घेऊन जाणाऱ्याला वाचक म्हणतात, वर्गणी भरणाऱ्याला सभासद म्हणतात आणि आम्हाला लाभार्थी. मला झालेला लाभ म्हणजे एक दुपार, भांड्यांचा साबण आणि अर्धं माकड. त्यावर त्यांनी माझी पदवी, माझी नोकरी, माझं सगळं आयुष्य आपल्या नावावर करून घेतलं होतं.

मी नाही म्हणणार होते. पण बाबांनी ऐकलं. "जाऊ की," म्हणाले. "डेपोतनं येता-जाता बाहेरनंच बघितलंय सगळ्या जन्मात. मला एकदा आतनं बघायचं हाय. कपाटं कशी लावलीत ते." बाबांना मी त्या दुपारचं कधी सांगितलं नव्हतं. सांगून काय करणार होते? त्यांना वाईट वाटलं असतं, एवढंच. त्यांच्यासाठी गेले.

बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. मी रेशमी साडी. दार तेच. पायऱ्या त्याच. पायऱ्यांवर कुठल्याशा दुसऱ्या वस्तीतल्या पोरांची रांग. एक कार्यकर्ती सॅनिटायझरची बाटली घेऊन प्रत्येकाचे हात बघत होती. बाटली तेवढी नवीन. शेजारी सुमेधाताई, आता अध्यक्ष झालेल्या, केस पांढरे, चष्मा तसाच दोरीला.

मला बघून ताई पुढं आल्या. "या, या. आपण आलात, फार बरं वाटलं." आपण. साडीला आपण म्हणतात, बोटांना तू.

बाबा माझ्या मागं राहिले होते. रांगेतल्या एका मुलीला कितवीत आहेस म्हणून विचारत होते. कार्यकर्तीला वाटलं, ते पोरांबरोबर आलेत.

"आजोबा, हात दाखवा."

बाबांनी दाखवले. लगेच. डेपोतल्या ग्रीसनं त्यांच्या तळव्यांच्या रेघा कायमच्या काळ्या झाल्यात. किती वर्षं झाली निवृत्त होऊन, रॉकेलनं घासलं, चुन्यानं घासलं, जात नाही. ती कार्यकर्ती बघतच राहिली. मग तिनं ताईंकडे बघितलं. ताईंनी मान वळवून बाबांचे हात बघितले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, आत पुस्तकांना हात नका लावू हं. नुसतं बघा."

"बरं बाई," बाबा म्हणाले.

आणि आत गेले. दोन्ही हात पाठीमागं धरून. कपाटांपुढून सावकाश चालत, मान वाकडी करून पुस्तकांची नावं वाचत. एका कपाटापाशी थांबले, कारण तिथलं एक पुस्तक त्यांनी विहारात कितीदा तरी वाचून दाखवलं होतं. हात सुटला, अर्ध्यावर आला, परत पाठीमागं गेला. गाडीचं इंजिन खोलून परत बसवणारा माझा बाप पुस्तकापुढं अपराध्यासारखा उभा होता.

मला रडू आलं नाही. किळस आली. इतकी वर्षं माझ्या मनात कुठंतरी होतं की माझं पेन गळलं नसतं तर तसं झालं नसतं. शाळेत, कॉलेजात, नोकरीत मी हात लपवत आले. खडू लागला तरी रुमाल काढते. तिथं उभं राहून मला कळलं की शाईचा काही संबंधच नव्हता. बर्फाच्या गोळ्याचं पोर सरळ आत गेलं होतं. त्यांना घाण बघायची नव्हती, हात कुणाचे आहेत ते बघायचं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. दीप, गुच्छ, देणगीदारांची नावं. ताई माझ्याबद्दल बोलल्या. "हिच्या हातात पहिलं पुस्तक आम्ही दिलं," म्हणाल्या. टाळ्या. मग शाल, नारळ आणि वाचनालयाचं आजीव सभासदत्व. ताई शाल उलगडून माझ्याकडे आल्या. माईक माझ्याकडे होता.

"ताई, आधी हात दाखवा."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, काहीतरी भावनिक चाललंय. हॉलही हसला.

"तळवे दाखवा. आता उलटे करा. नखं."

हसू थांबलं. शाल धरलेले हात तसेच राहिले, ना पुढं ना मागं.

"माझ्या वडिलांनी आत्ता तुमच्या दारात दाखवले," मी म्हणाले. "मी चौथीत दाखवले होते. माझ्या हातात तुम्ही पुस्तक दिलं नव्हतं. पानं तुम्ही उलटली होती. मला वाचता येत होतं."

संपलं माझं मनोगत. शाल घेतली नाही. नारळ टेबलावरच राहिला. सभासदत्वाचं कार्ड मात्र मी पर्समध्ये टाकलं. खाली उतरले, बाबांना घेऊन त्या कपाटापाशी गेले आणि म्हणाले, "काढा." बाबांनी पुस्तक काढलं. उघडलं. उभ्या-उभ्या वाचत राहिले. कुणी जवळ आलं नाही. मागून ताईंचा आवाज मला नीट ऐकू आला: "यांच्यासाठी कितीही करा."

दुसऱ्या दिवशी त्या गोड मुलीचा मेसेज. मॅम, मुलांसमोर तसं बोलणं इनअप्रोप्रिएट होतं. हात तपासणं मुलांसमोर चालतं, बोलणं चालत नाही. 

मी वाचनालयाची घटना मागवून वाचली. तिथल्या लोकांनी ती शेवटची कधी वाचली असेल कोण जाणे. नवीन सभासद व्हायला एका सभासदाची शिफारस लागते. मी आता सभासद आहे, तीही आजीव, ताईंच्या कृपेनं. पहिली शिफारस बाबांची केली. उत्तर आलं, विचाराधीन. मी परत पाठवली, सोबत घटनेतलं कलम. झाले बाबा सभासद. मग विहारात रविवारी येणारे एकेक. त्या दारातली रांग अजून आहे, मला माहीत आहे. ती विनंती करून मोडणार नाही, आणि विनंती मी करणारही नाही.

वर्षातून एकदा तिथं सर्वसाधारण सभा होते. दोन-चार म्हातारे येतात, बटाटेवडा खातात, तीच माणसं परत निवडतात आणि जातात. या वर्षी आम्ही येणार आहोत. पोरांनी दारात हात दाखवायचे नाहीत, हा ठराव मी मांडणार आहे. अध्यक्ष कोण, तेही तिथंच ठरतं.

त्या सभेत चिठ्ठ्या टाकत नाहीत. मतदान हात वर करून होतं आणि हात मोजायला अध्यक्षांना स्वतः उभं राहावं लागतं. बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत. ताईंना आमचे हात बघायचे असतात. सगळे एकदम दाखवू.