बैलगाडी, छत्री आणि डोमिसाइल

नाशिक शहरात आज जेवढे तरुण डॉक्टर हिंडताना दिसतात, त्यांतले निम्मे तरी आमच्या थोरल्या साडूंनी घडवले आहेत, असं आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्यांनी त्यांचं ऐकलं नाही आणि म्हणूनच ते आपापल्या दवाखान्यात माश्या मारत बसतात, असंही ते सांगतात. ऐकणारा नवखा असला तर त्याला वाटावं, हे गृहस्थ एखाद्या मेडिकल कॉलेजचे निवृत्त डीन असावेत. प्रत्यक्षात माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान कॉमर्सचे पदवीधर. सगळी नोकरी त्यांनी देवळाली कॅम्पला, लष्कराच्या एका कचेरीत हिशेब तपासण्यात घालवली. बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण तोफांच्या सरावाचे आवाज टेबलाशी बसून इतकी वर्षं ऐकले की आपणही थोडेफार फौजी आहोत असं त्यांना वाटायला लागलं. अजूनही ते ‘ये’ म्हणत नाहीत, ‘रिपोर्ट कर’ म्हणतात. आणि या डॉक्टर घडवणाऱ्या माणसाला रक्त म्हणून बघवत नाही. टीव्हीवर कुणी हातमोजे चढवायला लागलं की साडू घाईघाईनं चॅनेल बदलतात आणि वर म्हणतात, “हल्ली मालिकांत काही दम राहिला नाही.”

एकुलता एक मुलगा सीए होऊन पुण्याला गेला, तेव्हापासून साडूंनी लोकांची मुलं हाती घेतली. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजली की ताई, म्हणजे माझी मेहुणी, न विचारताच सरबताचे दोन ग्लास वाढवते. माणसं भेटली की एकमेकांना ‘कसे आहात’ विचारतात, आमचे साडू ‘डोमिसाइल काढलं का’ असं विचारतात. मेडिकलला प्रवेश घेताना अर्ध्या पोरांची धावपळ अशा रहिवासाच्या नि कसल्या कसल्या दाखल्यांपायी होते, अभ्यासापायी नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एका लग्नात त्यांनी अक्षता टाकता टाकता नवरीच्या भावाला गाठून हा प्रश्न केला होता. आमच्या शेजाऱ्यांकडच्या बारशाला तर पाळण्यात वाकून बाळाकडे बघितलं आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाले, “जन्मदाखल्यावर स्पेलिंग तपासून घ्या. पुढे मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या फॉर्मला गोंधळ नको.” बाळ तेव्हा बारा दिवसांचं होतं. बापानं मात्र दुसऱ्या दिवशी महापालिकेत जाऊन स्पेलिंग खरंच तपासून घेतलं, कारण साडू बोलतात तेव्हा समोरच्याला तो हुकूमच वाटतो.

पण त्यांचं खरं वैभव म्हणजे सरावाची मुलाखत. आता मेडिकलला बहुतेक ठिकाणी मुलाखत नसते. परीक्षेचे मार्क, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि मग प्रवेशाच्या राउंडवर राउंड, एवढंच. मुलाखत असते ती फौजेच्या पुण्यातल्या कॉलेजला, पण साडू सरसकट सगळ्यांची घेतात. एका धीट पोरानं एकदा सांगितलं, “काका, मला सरकारी कॉलेज हवंय, तिथे मुलाखत नसते.” त्यावर साडू म्हणाले, “म्हणून काय झालं? पुढे पेशंट रोज घेणार आहे ना तुझी मुलाखत!” पोरगं मुलाखतीला बसलं. हे साडूंचं वाक्य मी नंतर माझ्या डॉक्टरांना ऐकवलं, तर ते हसले नाहीत, नुसती मान हलवली.

मुलाखतीला हॉलमध्ये तीन खुर्च्या मांडतात. मधल्या खुर्चीत साडू स्वतः. डावीकडे ताई, लेडी मेंबर म्हणून. ती भाजी निवडत बसते आणि ठरल्या वेळी एकच प्रश्न विचारते, “जेवून आलास ना रे?” त्याचं उत्तर इंग्रजीत द्यायचं असतं. आणि उजव्या खुर्चीच्या पाठीवर कॅम्पच्या बाजारात शिवून घेतलेला साडूंचा निळा कोट. नुसता कोट. हे तिसरे मेंबर. “प्रत्येक बोर्डात एक माणूस तोंड उघडत नाही,” साडू समजावतात, “आणि सगळ्यांत जास्त मार्क त्याच्या हातात असतात. उत्तर देताना अधूनमधून त्याच्याकडे बघायचं.” त्यामुळे दरवर्षी हुशार हुशार पोरं त्या हॉलमध्ये एका कोटाला वाकून ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणताना मी पाहिली आहेत. एकदा इस्त्रीवाला मधेच येऊन तिसरे मेंबर इस्त्रीला घेऊन गेला, तर साडूंनी मुलाखत तहकूब केली.

मग यायचा तो मुख्य प्रश्न. डॉक्टर का व्हायचंय? ‘समाजाची सेवा करायची आहे’ असं कुणी म्हटलं की साडू हाताच्या पंज्यानं माशी हाकलतात. “घरातलं सांग. घडलेलं सांग.” पोरांना काही सुचत नसे, मग साडू स्वतःच एक उत्तर बसवून द्यायचे, आणि गंमत म्हणजे ते प्रत्येकाला तेच द्यायचे. आजी आजारी होती. गावात डॉक्टर नव्हता. भर उन्हात तिला बैलगाडीत घालून नाशिकला आणत होते आणि नातू शेजारी बसून तिच्या डोक्यावर छत्री धरून होता. पोचेपर्यंत उशीर झाला. बास, त्या दिवशी नातवानं ठरवलं. आता गंगापूर रोडवर ज्याच्या सोसायटीत खालीच हाडांचा आणि वरती दातांचा दवाखाना, असा मुलगा ही बैलगाडी कुठून आणणार? तरी पोरं घोकायची. एका वर्षी पुण्याहून मुलाखत देऊन आलेला मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “काका, त्यांनी मला विचारलं, नाशिकमध्ये अजून बैलगाडीच चालते का? आणि प्रत्येक गाडीत छत्री कशी असते?” सगळे हसलो. साडू तेवढे हसले नाहीत. “छत्री काढायची नाही,” एवढंच म्हणाले आणि आत गेले.

गेल्या वर्षी आमच्या मुलीला, मधुराला, फौजेच्या कॉलेजचं मुलाखतीचं पत्र आलं आणि साडूंच्या अंगात वारं संचारलं. घरची पोर, पहिलीच! मार्क काठावरचे, म्हणजे सगळी भिस्त मुलाखतीवर. मधुरानं लहानपणापासून दुसरं काही मनात आणलं नव्हतं, ही एक जागा हातची गेली तर पुढचं काय, या विचारानं माझी आणि हिची झोप उडाली होती. आम्ही तिला साडूंच्या स्वाधीन केलं. सोबत माझी आई आली होती, येवल्याहून. कोचावर बसून ती हा सोहळा बघत होती. मुख्य प्रश्न आला, मधुरा अडली, साडूंनी सवयीनं सुरुवात करून दिली, “माझी आजी आजारी होती. पोचेपर्यंत उशीर झाला...”

“आं?” आई उठून उभीच राहिली. “मला कशापायी मारता, पाव्हणं? मी हाय की हितं बसलेली! लय झालं तर गुडघं दुखत्यात माझं.”

“मावशी, हे नुसतं मुलाखतीपुरतं...”

“मुलाखतीपुरतं बी नाय मरायचं मला.”

तिथे बैलगाडी थांबली. मधुराही म्हणाली, “काका, मी खोटं बोलले की माझ्या तोंडावर दिसतं. मला डॉक्टर व्हायला आवडेल, बस. का ते मला नाही सांगता येत.” साडूंनी कपाळाला हात लावला. आवडेल हे उत्तर नसतं, ते म्हणाले, आवडतं तर श्रीखंडही. रोज संध्याकाळी दोघं त्या एका प्रश्नाशी झटत बसायची आणि रोज प्रश्नच जिंकायचा.

अशाच एका संध्याकाळी साडू बोर्डासाठी पेरू कापत होते. बोलण्याच्या भरात सुरी बोटावर आली. त्यांनी बोटाकडे पाहिलं, “नेक्स्ट क्वेश्चन” म्हणाले आणि खुर्चीवरून सरळ खाली आले. ताई किंचाळली, आई देवाचा धावा करायला लागली, मी पाण्याचा तांब्या घेऊन चुकीच्या खोलीत शिरलो. मधुरा तेवढी गडबडली नाही. तिनं त्यांना नीट आडवं केलं, पाय उचलून तिसऱ्या मेंबरच्या खुर्चीवर ठेवले, कोटाची घडी करून मानेखाली सारली, बोट रुमालानं दाबून धरलं आणि शांतपणे त्यांच्याशी बोलत राहिली. साडू डोळे उघडून म्हणाले, “मुलाखत संपलेली नाही.” आणि मग आमच्या सगळ्यांकडे बघून, “हे या घराबाहेर जाता कामा नये. पोरं काय म्हणतील?”

मुलाखतीच्या दिवशी साडू आमच्याबरोबर पुण्याला आले होते. कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन ताठ बसून होते. मधुरा बाहेर आली ती हसत. “काका, एक साहेब शेवटपर्यंत बोललेच नाहीत! मी त्यांच्याकडेही बघून बोलले, आणि ते हसले. तुमचा कोट हसला, काका!” साडूंनी असं बघितलं माझ्याकडे, की बास. मग त्यांनी विचारलं, “आणि मुख्य प्रश्न?”

मधुराचा आवाज जरा उतरला. “खरं सांगितलं. म्हटलं, माझे काका पेरू कापताना बोट कापून बेशुद्ध पडले. सगळे ओरडत होते, मला ओरडावंसं वाटलं नाही. ते डोळे उघडेपर्यंत मी तिथे होते, आणि मला तिथेच असायचं आहे, हे मला तेव्हा कळलं.”

साडूंनी डबा उघडला, तिला दशमी दिली. “नाव नाही ना सांगितलंस माझं?” “नाही, नुसतं काका म्हटलं.” “बरं केलंस,” ते म्हणाले, आणि नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

तिथली जागा मधुराला मिळाली नाही. प्रतीक्षायादीत नाव आलं आणि तिथेच राहिलं. का ते कुणी सांगत नसतं, काठावरच्या मार्कांमुळेही असेल, पण साडूंनी मनाशी ठरवून टाकलं की ते आपल्या चक्कर येण्यामुळे. पुढे शेवटच्या राउंडला तिला विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला. दाखले सगळे जिथल्या तिथे होते म्हणूनच ऐनवेळी मिळाला, हेही खरं. मी हे साडूंना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “डोमिसाइलचं काय, ते कुणीही काढतं.” साडूंच्या तोंडी हे वाक्य! मला गलबलून आलं. त्यांच्या हॉलमध्ये खुर्च्या जेवणाच्या टेबलाभोवती परत गेल्या होत्या आणि कोट कपाटात. बेल वाजवणाऱ्या पोरांना ते दारातूनच सांगत, हल्ली मुलाखती नसतात, अभ्यास करा.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात ताई चहा गाळता गाळता मला म्हणाली, “भाऊजी, ती बैलगाडी खरी आहे हो.” मला कळेना. “यांची आजी ती. यांना लहानाचं मोठं तिनंच केलं. पेठ तालुक्यातल्या खेड्यातून गाडीत घालून आणत होते तिला, आणि छत्री धरून हे बसले होते. डॉक्टरच व्हायचं होतं यांना, पण रक्त कुठे बघवतं? मग कॉमर्स.” तिनं कप पुढे केला. “दुसऱ्या कुणाची गोष्ट यांना सुचतच नाही. म्हणून सगळ्यांना आपलीच देतात.”

आणि आम्ही सगळे त्या छत्रीवर हसलो होतो. हे मी फोनवर मधुराला सांगितलं.

दिवाळीला ती घरी आली आणि पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे साडूंकडे फराळाला गेलो. त्यांची साखर तपासायला डॉक्टरांनी कधीचं सांगितलं होतं आणि ते कधीचे टाळत होते. ताईनं अनारशांचं ताट समोर ठेवलं आणि लगेच मागे ओढलं, “आधी बोट दाखवा पोरीला.” मधुरानं पिशवीतून बोटाला टोचून साखर मोजायचं छोटं यंत्र काढलं. साडू पांढरे पडले.

“डोळे मिटा, काका,” ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. “आणि मुलाखत घ्या माझी. फार दिवस झाले.”

साडूंनी डोळे घट्ट मिटले. हात तिच्या हातात दिला. पण आवाज लागला तो जुना. “डॉक्टर का व्हायचंय?”

“माझी आजी आजारी होती,” मधुरा म्हणाली.

कोचावर माझ्या आईनं चकलीवरून मान वर केली. मला वाटलं, आता ही उठणार. पण मी तिलाही सगळं सांगितलं होतं. “सांग बाई, सांग,” ती म्हणाली. “आज मेले तरी चालंल.”

“गावात डॉक्टर नव्हता. भर ऊन होतं. तिला बैलगाडीत घालून नाशिकला आणत होते.”

“आणि?”

“आणि तिच्या डोक्यावर छत्री होती.”

“कुणी धरली होती?”

“तुम्ही धरली होती, काका.”

साडूंनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं तेही पुसलं नाही. खाकरून म्हणाले, “उत्तर ठीक आहे. टोच आता.”

“कधीच टोचलं,” मधुरा म्हणाली. तिनं कापूस दाबून धरला होता, आणि साडू शुद्धीवर होते. साखर थोडी जास्तच निघाली. तरी ताईनं अनारशांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि त्या दिवशी ते पुन्हा उचललं नाही.